पाठीवर भरलेला अँटेना

हा लेख मी पोळ्यापासून टाळत आलो आहे. गौरवग्रंथाचे संपादक प्रा. कटरे सर यांचा पहिला फोन आला तेव्हा मी "हाव जी, देतो" म्हणालो. मग धान कापणी आली, मग गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या, मग एका मित्राच्या ट्रकवर बसून रायपूरला जाऊन आलो. तिथं माझं काही काम नव्हतं. परवा सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "तुझं पान कोरंच छापू का?" तेव्हा बसलो. लेखाचा क्रमही सरांनी सांगून ठेवला आहे: आधी परिचय, मग कार्य, मग मूल्ये, शेवटी शुभेच्छा. जमेल तसा पाळतो. माझं आयटीआय अर्धवट सुटलेलं आहे आणि या ग्रंथात बाकी सगळे डॉक्टर-प्राध्यापक लिहिणार आहेत, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

डॉ. वासंती टेंभरे मॅडम यांचा आणि माझा परिचय गोंदियाच्या बाजारात, एका साड्यांच्या दुकानात झाला. त्या काळात मी तिथं गाठोडी उचलायला होतो. त्याआधी तिरोड्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होतो आणि त्याआधी कुठं होतो ते आता सांगत बसत नाही. एक साठीकडे झुकलेल्या बाई आल्या, जरीकाठाच्या साड्या उलगडायला लावल्या आणि पर्समधून मल्टिमीटर काढला. मीटरच्या दोन्ही सुया जरीवर टेकवून त्या काटा बघू लागल्या. शेटजी उठून उभे राहिले.

"बहनजी, ये क्या चेक कर रहे हो? माल असली है अपना."

"असली-नकली से मतलब नहीं है शेटजी. करंट जाता है क्या, वो देख रही हूँ."

"साडी में करंट?" शेटजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

काटा हलत नव्हता. मला मोबाइलच्या दुकानात मल्टिमीटरची सवय होती, म्हणून मी म्हणालो, सुई झिजली असेल, दुसरीकडं टेकवून पाहा. त्यांनी सुया एकमेकींना टेकवल्या, काटा उडाला. "सुया बऱ्या आहेत. जरीवर लाखेसारखा थर असतो, तो करंट अडवतो," असं म्हणून त्यांनी साडी स्वतः नीट घडी करून ठेवली. गिऱ्हाईक साडीची घडी करून ठेवतं हे मी त्या दुकानात पहिल्यांदा पाहिलं. बाहेर त्यांच्या स्कूटीपर्यंत मी उगाच गेलो आणि विचारलं, करंट कायले पाहिजे साडीत?

"साडीत नाही. कपड्यावर अँटेना भरायचा आहे. भरतकामानं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला विचारलं, "तुला चालता येतं का? म्हणजे खूप?"

"त्याच्याशिवाय काही येतच नाही जी."

माझी नोकरी अशी लागली. मॅडमच्या महाविद्यालयातल्या प्रकल्पात माझं काम एकच होतं: अँटेना भरलेलं जाकीट घालायचं आणि चालायचं.

आता कार्याकडे वळतो. मॅडमच्या शोधनिबंधांबद्दल या ग्रंथात जाणकार लिहितीलच, मला समजलं तेवढं सांगतो. आपल्या जिल्ह्यात जंगल बरंच आहे आणि जंगलात मोबाइलला टॉवर नाही. रानात गस्त घालणारे वनमजूर एकदा आत शिरले की परत येईपर्यंत त्यांची खबर नसते. खिशात रेडिओची छोटी डबी देता येते, पण तिला लांब आवाज पोचवायचा तर अँटेना मोठा लागतो, आणि काडीसारखा अँटेना झुडपात अडकतो, मोडतो. मॅडमनी ठरवलं की तो जाकिटाच्या पाठीवरच भरायचा. चांदीचा मुलामा दिलेला दोरा आणायचा आणि शिलाई मशीनवर रिंग फिरवून त्याची चौकोनी पट्टी भरायची. तिच्याखाली जाड कापड ठेवायचं, त्याच्याखाली करंट वाहणारं दुसरं कापड. ते शेवटचं कापड कशाला, असं मी विचारलं होतं. "माणूस म्हणजे पाण्याची घागर आहे रे. पाठीला अँटेना नुसता चिकटवला तर अर्धी लहर ही घागरच पिऊन टाकते. मध्ये आडोसा पाहिजे," असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून गर्दीत शिरलो की मला सगळ्या घागरी दिसतात.

भरतकामाची वेगळी खोली होती, तिथं सुशीलाबाई आणि त्यांच्या बचत गटातल्या बाया होत्या. त्यांचा हात पान-फूल भरण्यात बसलेला. चौकोन म्हटलं की त्या पानासारखे आडवे टाके घालत. मॅडमना उभे टाके हवे होते, कारण करंट दोऱ्याच्या लांबीनं वाहतो, एका टाक्यावरून शेजारच्या टाक्यावर उडी मारायला त्याला त्रास होतो. वर्गात हे फळ्यावर शिकवताना त्या काय करतात मला माहीत नाही. इथं त्यांनी सांगितलं, "बांधीत पाणी सोडायचं तर पाट कसा काढता? पाण्याच्या वाटेनं की आडवा?" मॅडमचं माहेर दवनीवाड्याचं, धानाच्या शेतात, बांध्यांत वाढलेल्या. बायांनी पुढच्या दिवशी उभे टाके घातले. वर सुशीलाबाई म्हणाल्या, "पण बाई, नुसता चौकोन कसा उघडा-बोडका दिसते. कोपऱ्यात एक फूल टाकू द्या." मॅडमनी साध्या सुती दोऱ्यानं फूल भरायला सांगितलं, यंत्रावर मोजलं, फरक पडत नाही हे पाहिलं आणि परवानगी दिली. आजही प्रत्येक जाकिटाच्या पाठीवर फूल आहे.

मी मध्येच पळून जातो हे मॅडमना लवकर कळलं. दिवाळीनंतर आपल्याकडं मंडया भरतात, नाटकं लागतात, तेव्हा माझा पाय ठरत नाही. एकदा न सांगता आठवडाभर फिरून आलो. वाटलं, काम गेलं. मॅडमनी विचारलं, "मंडईत गर्दी किती होती? खांद्याला खांदा?" मी हो म्हणालो. "मग जाकीट घालून का नाही गेलास? घागरींच्या गर्दीत लहर कशी जाते हे मला कुठं मोजता येतंय? पुढच्या मंडईला सांगून जा, डबी घेऊन जा." त्यानंतर मी सांगून जाऊ लागलो. माझ्या भटकण्याला कुणी काम म्हटलं नव्हतं तोवर. मंडईत पोरं विचारायची, "हे फूल काऊन बे पाठीवर?" मी म्हणायचो, सरकारी आहे.

मूल्यांबद्दल लिहायचं तर मला देवाजीभाऊंबद्दल लिहावं लागेल. कटरे सर, हा भाग थोडा लांबेल.

देवाजी कुमरे हे वनमजूर. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाच्या अलीकडे त्यांचं गाव. उन्हाळ्यात जाकिटांची पहिली चाचणी त्यांच्या बीटात, म्हणजे गस्तीच्या हद्दीत झाली. रानातून खिशातल्या डबीचं बटण दाबलं की वनखात्याच्या चौकीवरच्या डबीचा दिवा लागायचा, प्रत्येक वेळी. मी आणि चौकीवरचे लोक टाळ्या वाजवायचो. देवाजीभाऊंना जाकीट इतकं आवडलं की ते लग्नालाही घालून गेले. आणि आणखी एक झालं. गस्तीला दोघांनी जायचं असतं, पण त्यांचा जोडीदार हळू चालायचा आणि फार बोलायचा. जाकीट आल्यावर देवाजीभाऊ म्हणाले, "आता काय गरज? बटन आहे ना." ते एकटेच जाऊ लागले. जोडीदाराच्या मनाला लागलं ते, त्यानं दुसऱ्या बीटात बदली मागून घेतली.

पावसाळ्यात मी पुन्हा त्या चौकीवर गेलो. देवाजीभाऊ सकाळी आत गेले होते. दिवा लागला नाही. मला वाटलं, त्यांनी बटण दाबलंच नसेल. दुपारी ते आले, चिखलानं भरलेले, आणि माझ्यावरच चिडले.

"काऊन रे, कोणी आलं नाही?"

"कुठं जी?"

"नाल्यावर! अस्वल होती समोर, पिल्लासंग. म्या बटन दाबली अन् उभा राहिलो. तुम्ही येऊन राहिले असान म्हणून तिथंच उभा."

"दिवा लागलाच नाही, भाऊ."

ते बाजेवर बसले आणि जाकिटाची गुंडी काढायला लागले, ती निघेना. अस्वल आपल्या वाटेनं निघून गेली होती. जाकीट नसतं तर ते केव्हाच मागे फिरले असते. जाकीट होतं म्हणून थांबले.

मी त्याच दिवशी फोन केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "त्यांना काही झालं नाही ना? पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.

त्याच महिन्यात मोठ्या अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक ठरलं होतं. ते नीट झालं तर जाकिटं आणखी जंगलांत जाणार होती. काही हितचिंतकांनी सुचवलं की प्रात्यक्षिक सभागृहात घ्या, पाऊस आत येत नाही, दिवा लागेल, नंतर दुरुस्ती करत बसा. सल्ला वाईट हेतूनं दिलेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "दिवा सभागृहात लागेल आणि माणूस नाल्यावर उभा राहील." त्यांनी प्रात्यक्षिक रद्द केल्याचं स्वतः कळवलं आणि गाडी काढून एकेका वनमजुराच्या घरी गेल्या. मी सोबत होतो. प्रत्येक दारात त्यांचं एकच वाक्य: "हे पावसात चालत नाही. चूक माझी आहे. याच्या भरवशावर आत जाऊ नका." लोकांनी जाकिटं दिली, वर चहा पाजला.

देवाजीभाऊंच्या घरी चहा झाला नाही. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई दारातच म्हणाल्या, "घेऊन जा बाई एकदाचं. जाकीट आलं तसा हा मानूस कोणाचं ऐकत नाही." देवाजीभाऊंनी जाकीट घडी करून आणलं.

"दिलेली वस्तू वापस घेता काय जी तुम्ही?"

"दुरुस्त करून आणते, भाऊ."

"आणू नका. मले नाही पाहिजे आता."

"बरं, नका घेऊ. पण जोडीदाराशिवाय जाऊ नका."

"तो गेला. दुसरा कोन येते माह्यासंग?" असं म्हणून ते आत निघून गेले.

परतताना मॅडम गाडी चालवत होत्या. नवेगावच्या पुढं कुठंतरी त्यांनी एवढंच म्हटलं, "जाकीट परत घेतलं रे. जोडीदार कुठून परत देऊ?"

मग दोष शोधायला सुरुवात झाली. विद्यार्थ्यांनी डबी तपासली, दोरा तपासला, जोड तपासले. सगळं ठीक. टेबलावर जाकिटांचा ढीग पडला होता, दमट, पाऊस बाहेर चालूच. मॅडमनी वरचं जाकीट उचललं आणि नाकाला लावलं. मला वाटलं, फेकून देतात की काय. त्या म्हणाल्या, "ही आंबलेली पेज आहे. सुशीलाबाईंना बोलवा."

सुशीलाबाई आल्या. मॅडमनी विचारलं, "कापडाला कांजी दिली होती का?"

"मंग? बिना कांजीचा कपडा रिंगेत उभा राहते का? भाताची पेज काढली, चांगली दाट. साहेब लोकाईच्या अंगावर जाणार, चुरगळलेला द्यायचा का जी?"

आपल्या जिल्ह्यात घरोघरी भात, घरोघरी पेज, आणि सुती कापड आलं की पेजेत बुडवायचं हे सांगावं लागत नाही. सुशीलाबाईंनी चांगलं काम आणखी चांगलं करून दिलं होतं. पण वाळलेली पेज पावसाळी हवेतली ओल ओढून धरते. कापड ओलावलं की अँटेना ज्या सुरावर बांधलेला असतो तो सूर खाली उतरतो, आणि चौकीवरची डबी जुन्याच सुराकडं कान लावून बसते. मॅडमनी कापडाच्या त्याच थानाचे दोन तुकडे घेतले, एक कांजीचा, एक बिनकांजीचा, दोन्हींवर अँटेना भरून घेतला आणि खिडकीबाहेर वळचणीला टांगले. विद्यार्थी रोज मोजत. कांजीचा तुकडा उतरत गेला. बिनकांजीचाही थोडा उतरला, तेही मॅडमनी लपवलं नाही, अहवालात लिहिलं.

सुशीलाबाई त्या दिवसांत खोलीत येईनात. मॅडम त्यांच्या घरी गेल्या. "चुकलं माझं. कापड कसं तयार करता, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही," असं म्हणाल्या. सुशीलाबाई म्हणाल्या, "मले तर वाटलं, मी मानूस मारला असता." मॅडमनी त्यांना हाताला धरून खोलीवर आणलं आणि मशीनसमोर बसवलं. आता कापड ताठ राहावं म्हणून मागे कागद लावतात, भरून झालं की तो फाडून काढतात. वरून पाणी न शिरणारा पातळ थर चढवतात. आणि अँटेनाचा आकार मॅडमनी असा बदलला की सूर थोडा इकडं-तिकडं सरकला तरी ऐकू यावा. पुढच्या पावसाळ्यात मी नवं जाकीट घालून त्याच नाल्यावर गेलो, डोक्यावर घमेलं धरून, कारण छत्री उलटी झाली होती. चौकीवर दिवा लागला. नाल्यावर फोन लागत नाही, त्यामुळे मला ते चौकीवर परत आल्यावर कळलं. प्रात्यक्षिकही झालं, पावसातच झालं, साहेबांचे बूट भरले.

बाकी सगळ्यांनी नवी जाकिटं घेतली. देवाजीभाऊंनी नाही. मॅडम त्यांच्याकडे अनेकदा गेल्या, कधी दरवाजा उघडायचा, कधी कौसल्याबाईच बाहेर येऊन म्हणायच्या, "रानात गेला. एकटाच." त्यांच्या मापाचं जाकीट इथं, मी हे लिहितोय त्या भरतकामाच्या खोलीत टांगलेलं आहे. मॅडम रोज येता-जाता त्याच्याकडं पाहतात, कधी कधी त्याचा सूर मोजून घेतात. सत्काराच्या वेळी काय द्यावं असं गौरव समितीनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शाल नको. त्या माणसाला जोडीदार मिळवून द्या." समितीनं शालच ठरवली, कारण दुसरं त्यांच्या हातात नव्हतं.

मॅडम आता महाविद्यालयातून निवृत्त होत आहेत. भरतकामाची खोली मात्र सुरू राहणार, असं त्यांनी बायांना सांगून टाकलं आहे. माझ्यासारख्याला कुणी बांधून ठेवलं नाही, तरी मी इथंच फिरून येतो, त्याला कारण त्याच. मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळावं असं सगळेच लिहितील, मीही लिहितो, पण जरा नेमकं मागतो: त्यांचे गुडघे चौकीच्या चढाला पुरोत, सुईचं नेढं त्यांना चष्म्याशिवाय दिसत राहो, पावसाळ्यात खोकला त्यांच्या वाटेला न जावो, आणि शंभरीतही त्यांनी कापड नाकाला लावून दोष ओळखावा. त्यांच्या हातून अजून पुष्कळ

थांबतो. वाक्य पुरं करायचं होतं, पण दारात एक मुलगी आली आहे. वीस-बावीस वर्षांची, खाकी शर्ट, पायात नवे बूट, एस.टी.नं आलेली. सुशीलाबाईंनी विचारलं, कोण जी तू? म्हणाली, "मी रंजना. नवीन लागली वनमजुरीले. देवाजीकाकाच्या जोडीले मीच आहे आता."

सुशीलाबाईंनी मशीन थांबवलं. रंजना पुढं म्हणाली, "काकानं सांगलं, आधी माप देऊन ये, मंग रानात पाय ठेव."

मी विचारलं, "आणि काका स्वतः?"

"त्याईनं काही म्हटलं नाही जी. पण मले एस.टी.वर सोडायले आले, तर विचारत होते, पावसात चालते म्हणतेत, खरं का?"

माप मॅडम स्वतः घेतात, जाकीट अंगावर घालायला लावूनच. त्यांना फोन लावला. त्या निघाल्या आहेत.